शोधनिबंधावर कुणाचं नाव आणि कितव्या जागी: लेखकत्व ठरवण्यापासून मोजण्यापर्यंत

शोधनिबंधावरच्या नावांचे अनेक वाद पेपर सबमिट करायच्या रात्रीच सुरू होतात. जर्नलच्या फॉर्ममध्ये लेखकांचा रकाना समोर येतो आणि वर्षभर एकत्र काम केलेली माणसं पहिल्यांदाच एकमेकांना विचारतात, "क्रम काय लावायचा?" तोवर प्रत्येकाच्या मनात आपापलं उत्तर पक्कं झालेलं असतं आणि ती उत्तरं जुळत नाहीत.

नावांची ओळ एकदा छापली गेली की पुढे सगळे तीच वाचतात: नोकरीची निवड समिती, शिष्यवृत्ती देणारी संस्था, सायटेशन (इतरांच्या पेपरांत आलेले संदर्भ) मोजणारे डेटाबेस. यांतलं कुणीही तुमच्यासोबत प्रयोगशाळेत किंवा ग्रंथालयात बसलेलं नव्हतं. म्हणून श्रेय काम चालू असतानाच शब्दांत नोंदवून ठेवावं, नुसत्या नावांच्या क्रमावर सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. ते कसं करायचं ते पुढे टप्प्याटप्प्याने सांगतो.

पहिला टप्पा: लेखक कोण, ते आधी ठरवा

क्रमाचा प्रश्न नंतरचा. आधी यादीत कोण येतं ते पाहायचं. यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे निकष वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे, म्हणजे आयसीएमजेईचे आहेत. १९७८ साली काही संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात जमले होते, त्यातून ही समिती उभी राहिली. तिच्या आजच्या चार अटी अशा:

१. अभ्यासाची कल्पना किंवा आराखडा, किंवा डेटा मिळवणं, त्याचं विश्लेषण करणं, अर्थ लावणं, यांपैकी कशात तरी भरीव वाटा असावा.
२. मसुदा लिहिण्यात, किंवा आशयाच्या अंगाने तो बारकाईने तपासून सुधारण्यात सहभाग असावा.
३. छापायला जाणाऱ्या अंतिम मसुद्याला संमती दिलेली असावी.
४. कामाच्या कोणत्याही भागाच्या अचूकतेबद्दल शंका आली, तर तिची तड लावण्याची जबाबदारी स्वीकारलेली असावी.

चौथी अट २०१३ साली आली. त्याआधी पेपरमध्ये गडबड निघाली की "तो भाग माझ्याकडे नव्हता" एवढं म्हणून सहलेखकाला हात झटकता येत होते.

या चारही अटी एकदम पूर्ण व्हाव्या लागतात. निधी आणला, उपकरण वापरू दिलं, विभागप्रमुख म्हणून सही केली, भाषा तपासून दिली, एवढ्यावर लेखकत्व मिळत नाही. अशा मदतीची जागा ऋणनिर्देशात. तिथे नाव घालण्यापूर्वीही त्या व्यक्तीची लेखी परवानगी घ्या, कारण नाव दिसलं की निष्कर्ष तिलाही मान्य असणार असं वाचक धरून चालतो.

या अटींचा एक गैरवापर मला फार खुपतो. समजा, एका सहायकाने महिनोन्‌महिने नमुने तपासले. मोजमापातल्या काही नोंदी इतरांपेक्षा वेगळ्या येताहेत हे त्याच्याच लक्षात आलं, त्याने त्यामागचं कारण शोधलं आणि पेपरचा मुख्य निष्कर्ष त्यावरच उभा राहिला. मसुदा लिहायची वेळ आली तेव्हा मात्र त्याला कुणी बोलावलंच नाही. मग म्हणायचं, "त्याने लेखनात भाग घेतला नाही, दुसरी अट पूर्ण होत नाही, नाव ऋणनिर्देशात टाकू." हे चालत नाही. पहिली अट पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला उरलेल्या तीन अटी पूर्ण करण्याची संधी द्यायलाच हवी, असं समितीने स्पष्ट लिहून ठेवलं आहे. संधी देणं अवघडही नसतं. मसुदा पाठवताना दोन वाक्यं पुरतात: "निष्कर्षाच्या विभागातला तिसरा परिच्छेद तुमच्या नोंदींवर आधारलेला आहे. तो बरोबर मांडलाय का ते पाहा आणि खटकेल ते दुरुस्त करून शुक्रवारपर्यंत पाठवा."

उलट्या बाजूचे प्रकारही ओळखता यायला हवेत. काहीच न केलेल्या माणसाचं नाव उपकाराच्या किंवा भीतीच्या पोटी घालणं म्हणजे गिफ्ट ऑथरशिप. वजनदार नावामुळे पेपर लवकर स्वीकारला जाईल म्हणून ते घालणं म्हणजे गेस्ट ऑथरशिप. आणि ज्याने खरोखर लिहिलं किंवा विश्लेषण केलं त्याचं नावच लपवणं म्हणजे घोस्ट ऑथरशिप. औषध कंपन्यांनी पैसे देऊन लिहून घेतलेल्या निबंधांमुळे हा तिसरा प्रकार विशेष बदनाम झाला आणि व्हायलाच हवा होता, कारण निष्कर्षामागे कुणाचे पैसे आणि कुणाचं हित आहे हेच त्यात वाचकापासून दडवलेलं असतं.

चॅटबॉटचं नाव लेखक म्हणून घालता येत नाही. प्रकाशन-नीतीवर काम करणाऱ्या 'कोप' या संस्थेने २०२३ साली हे स्पष्ट केलं. यंत्र जबाबदारी घेऊ शकत नाही, संमतीही देऊ शकत नाही. साधन वापरलं असेल तर कुठे आणि कशासाठी, ते पेपरमध्ये सांगा. त्यातल्या चुकांची जबाबदारी तुमचीच.

दुसरा टप्पा: काम सुरू करतानाच एक पान लिहा

संपूर्ण लेखातला हा सर्वांत उपयोगी टप्पा आहे आणि सर्वांत जास्त टाळला जातो तोही हाच. करारनामा वगैरे नको. साध्या ईमेलमध्ये असं लिहिलं तरी पुरे:

"या अभ्यासातून सध्या एक शोधनिबंध अपेक्षित आहे. पहिला मसुदा अ लिहील आणि ती प्रथम लेखक असेल. ब सांख्यिकी विश्लेषण करेल. क नमुने गोळा करेल आणि त्यांच्या नोंदी ठेवेल. ड मार्गदर्शक आणि संपर्क लेखक (जर्नलशी पत्रव्यवहार करणारे) असतील. डेटा पूर्ण झाल्यापासून चार महिन्यांत मसुदा आला नाही, तर तो कुणी लिहायचा आणि क्रम काय राहील, हे चौघं मिळून पुन्हा ठरवतील. मध्येच कुणी प्रकल्प सोडला आणि त्याचं काम पेपरमध्ये वापरलं गेलं, तर मसुदा त्याच्याकडेही जाईल."

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. कामं बदलतात, कुणाला दुसरीकडे नोकरी लागते, विश्लेषण ठरल्यापेक्षा तिप्पट वाढतं. टप्पा बदलला की हेच पान उघडायचं, खाली नवी तारीख घालायची आणि बदल लिहायचे. जुना मजकूर पुसू नका.

गाइडशी हा विषय काढणं विद्यार्थ्याला जड जातं. श्रेय मागितल्यासारखं वाटेल अशी धास्ती असते. कामाच्या नियोजनाच्या अंगाने विचारलं की ती धास्ती बरीच कमी होते: "सर, पुढच्या महिन्यात डेटा गोळा करायला सुरुवात करतोय. पेपरचं कोणतं काम कुणाकडे, हे आत्ताच लिहून ठेवलं तर मला वेळापत्रक आखता येईल. कच्चा आराखडा सोबत जोडलाय. तुम्हाला सुचतील ते बदल करून द्याल का?" आपण स्वतः मार्गदर्शक असाल, तर विद्यार्थ्याला हे विचारावं लागूच नये. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या आचारसंहितेत यासंबंधी दोन गोष्टी आहेत, त्या कोणत्याही विषयात पाळण्यासारख्या आहेत. श्रेयाची चर्चा मार्गदर्शकाने विद्यार्थ्याशी शक्य तितक्या लवकर करावी. आणि अनेक लेखकांचा पेपर मुख्यतः विद्यार्थ्याच्या पीएचडी प्रबंधावर आधारलेला असेल, तर अपवादात्मक परिस्थिती वगळता प्रथम लेखक तो विद्यार्थीच असावा.

तिसरा टप्पा: क्रम लावताना आपल्या विषयाची रीत पाहा

पहिल्या नावाचा अर्थ सगळीकडे एक नसतो. प्रयोगशाळेतल्या विज्ञानांत, म्हणजे जीवशास्त्र, वैद्यक, बरंचसं रसायनशास्त्र, प्रथम लेखकाने सर्वाधिक काम केलं असं समजतात आणि शेवटचं नाव प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं असतं. मधल्या नावांकडे फारसं कुणी पाहत नाही. गणितात नावं बहुतेक वेळा आडनावाच्या वर्णक्रमाने लागतात. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीने २००४ च्या निवेदनात ही रीत स्पष्ट करून सांगितली, ती मुख्यतः बाहेरच्या विषयांतल्या लोकांसाठी, कारण निवड समितीतला जीवशास्त्रज्ञ गणितज्ञाचं तिसरं नाव पाहून "याचा वाटा कमी" असं समजून बसू शकतो.

वर्णक्रम निःपक्ष वाटतो, पण तसा तो पूर्णपणे नाही. अर्थशास्त्रातही हीच रीत आहे आणि २००६ साली लिरान इनाव्ह व लीत यारिव्ह यांनी तिथलं चित्र तपासलं. ज्यांचं आडनाव वर्णमालेत आधी येतं, त्यांना नामवंत विभागांत कायम पद मिळण्याची शक्यता जास्त असल्याचं त्यांना आढळलं. मानसशास्त्रात वर्णक्रमाची रीत नाही आणि तिथे असा परिणाम दिसला नाही. पुढे २०१८ साली देबराज रे आणि आर्थर रॉबसन यांनी अर्थतज्ज्ञांना एक पर्याय सुचवला: नावांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा आणि तो तसा ठरवल्याची खूण नावांच्या मध्ये छापावी. दोघांचं काम खरोखर सारखं असेल, तर मला ही सूचना फार प्रामाणिक वाटते.

फार मोठ्या प्रकल्पांत क्रमाला काही अर्थच उरत नाही. २०१५ साली सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या अ‍ॅटलास आणि सीएमएस या दोन गटांनी हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानाचं मोजमाप एकत्रितपणे प्रसिद्ध केलं. लेखक होते ५,१५४. निबंधाच्या ३३ पानांपैकी २४ पानं लेखकांच्या आणि त्यांच्या संस्थांच्या यादीने भरली. त्या यादीतल्या एखाद्या नावावरून त्या माणसाने नेमकं काय केलं हे कळण्याची काही सोय नाही.

लहान यादीतही नेमकं हेच हरवतं. १९६७ साली केंब्रिजमध्ये पीएचडी करणाऱ्या जॉसलिन बेल यांना रेडिओ दुर्बिणीच्या लांबलचक कागदी आलेखांवर एक बारीकशी वेगळी खूण दिसली. त्यांनी तिचा पिच्छा पुरवला आणि त्यातून पल्सार, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ स्पंदनं पाठवणारे तारे, सापडले. १९६८ च्या 'नेचर'मधल्या निबंधावर पाच नावं आहेत. पहिलं त्यांचे मार्गदर्शक अँटनी ह्युइश यांचं, दुसरं बेल यांचं. १९७४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल ह्युइश आणि मार्टिन राइल यांना मिळालं. आलेखावरची ती खूण कुणी पाहिली, हे पाच नावांची ओळ सांगत नाही.

व्यवहारात क्रम ठरवताना कामांची यादी करा: कल्पना, आराखडा, डेटा, विश्लेषण, लेखन. चर्चेपूर्वीच प्रत्येक कामाला १०० पैकी किती गुण, ते एकमताने ठरवा. मग प्रत्येकाने सर्वांना, स्वतःलाही, गुण द्यायचे आणि ते कागद एकदम उघडायचे. गुण जिथे जुळत नाहीत, तिथे बोलायचं. गुणांनी निकाल लागतोच असं नाही, पण वाद "मी जास्त राबलो" यावरून "डेटा स्वच्छ करण्याचं काम आपण विश्लेषणात धरलं का?" इथे येतो आणि तो सोडवता येतो. दोघांचा वाटा समान ठरला, तर 'समान योगदान' ही टीप घाला. मात्र संदर्भ देताना लोक पहिलंच नाव उच्चारतात, त्यामुळे टीप घालूनही क्रमाचा लाभ थोडा उरतोच, हे दोघांनी जाणून असावं.

चौथा टप्पा: कुणी काय केलं, ते छापा

लेखकांऐवजी योगदानाची यादी छापावी, असा प्रस्ताव ड्रमंड रेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्येच मांडला होता. आज त्याचं रूढ रूप म्हणजे 'क्रेडिट' ही वर्गवारी. २०१२ साली वेलकम ट्रस्ट आणि हार्वर्ड विद्यापीठाने घेतलेल्या बैठकीतून ती आकाराला आली आणि २०२२ मध्ये तिला अमेरिकेत अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला. तिच्यात १४ भूमिका आहेत: संकल्पना, कार्यपद्धती, सॉफ्टवेअर, पडताळणी, विश्लेषण, प्रत्यक्ष संशोधन, साधनसामग्री, डेटाची निगा, पहिला मसुदा, मसुद्याचं परीक्षण व संपादन, आलेख व दृश्य मांडणी, देखरेख, प्रकल्प व्यवस्थापन आणि निधी मिळवणं. एका व्यक्तीकडे अनेक भूमिका असू शकतात, एक भूमिका अनेकांत वाटली जाऊ शकते आणि प्रत्येकापुढे मुख्य, समान किंवा साहाय्यक असा दर्जाही लिहिता येतो.

दुसऱ्या टप्प्यातल्या चौघांचं योगदानाचं निवेदन साधारण असं होईल: "अ: संकल्पना (समान), प्रत्यक्ष संशोधन (साहाय्यक), पहिला मसुदा (मुख्य). ब: विश्लेषण (मुख्य), सॉफ्टवेअर, आलेख, परीक्षण व संपादन. क: प्रत्यक्ष संशोधन (मुख्य), डेटाची निगा, परीक्षण व संपादन. ड: संकल्पना (समान), निधी, देखरेख, परीक्षण व संपादन."

इथे एक गफलत वारंवार होते. वर्गवारीत 'निधी मिळवणं' ही भूमिका आहे, म्हणजे निधी मिळवणारा आपोआप लेखक झाला, असं लोक धरतात. ही वर्गवारी लेखक कोण हे ठरवतच नाही. ते पहिल्या टप्प्यातल्या निकषांनी ठरतं. यादीत असलेल्यांनी काय केलं एवढंच ती सांगते. निवेदनाचा मसुदा एकट्या संपर्क लेखकाने शेवटच्या तासात भरू नये. प्रत्येकाने आपली ओळ स्वतः लिहावी आणि सर्वांनी सर्वांच्या ओळी वाचाव्यात.

पाचवा टप्पा: नावाला क्रमांक जोडा

एकाच नावाची माणसं अनेक असतात आणि एकाच माणसाचं नाव कधी आद्याक्षरांनी, कधी पूर्ण, तर कधी लग्नानंतर बदललेल्या आडनावाने छापलं जातं. डेटाबेस अशा नावांची सरमिसळ करतात. २०१२ पासून उपलब्ध असलेला ऑर्किड हा १६ स्थानांचा क्रमांक यावर उत्तर आहे. तो फुकट मिळतो आणि संस्था बदलली तरी तोच राहतो. पहिला पेपर सबमिट करण्याआधीच काढा. डेटासंच आणि सॉफ्टवेअर यांनाही डीओआय, म्हणजे कायमचा डिजिटल ओळखक्रमांक, घेता येतो. तो घेऊन ते आपल्या ऑर्किडला जोडलं, तर ज्याने मुख्यतः प्रोग्राम लिहिला त्याचं काम स्वतंत्रपणे सापडतं आणि त्याचा संदर्भ देता येतो.

सहावा टप्पा: आपलं श्रेय कसं मोजलं जातं, ते समजून घ्या

चार लेखकांचा एक पेपर घ्या. पूर्ण मोजणीत चौघांच्याही खात्यात एकेक पेपर जमा होतो. काम एक झालं, श्रेय चार वाटलं गेलं. अपूर्णांकी मोजणीत प्रत्येकाला ०.२५ मिळतो. संस्थांच्या आणि देशांच्या संशोधनाची मोजणी करणाऱ्या नेचर इंडेक्समधला 'शेअर' हा आकडा याच तत्त्वावर काढतात. हार्मोनिक मोजणीत क्रमालाही वजन असतं: १, १/२, १/३, १/४ यांची बेरीज साधारण २.०८ येते. प्रत्येक आकड्याला तिने भागलं की चौघांना अनुक्रमे ०.४८, ०.२४, ०.१६ आणि ०.१२ मिळतात. वर्णक्रमाच्या विषयांत ही पद्धत सपशेल अन्यायाची आहे आणि शेवटचं नाव प्रमुखाचं असतं तिथेही ती तशीच लावता येत नाही.

पद्धत बदलली की चित्र किती बदलतं ते पाहा. एकाचे पाच-पाच लेखकांचे १० पेपर आहेत, दुसरीचे दोन-दोन लेखकांचे ४. पूर्ण मोजणीत १० विरुद्ध ४. अपूर्णांकी मोजणीत दोघांनाही २.

एच-इंडेक्स २००५ साली भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी मांडला. किमान तितकीच सायटेशन मिळालेले जास्तीत जास्त किती पेपर आहेत, तो हा आकडा. एखाद्याच्या पेपरांची सायटेशन उतरत्या क्रमाने लावा: २५, १२, ७, ५, ३, १. चौथ्या पेपरला किमान ४ सायटेशन आहेत, पाचव्याला ५ नाहीत, म्हणून इंडेक्स ४. या हिशेबात लेखक एकटा होता की ५,१५४ जणांपैकी एक, याला काडीचंही महत्त्व नाही. शिवाय हा आकडा वयाबरोबर वाढतच जातो, कमी कधीच होत नाही, त्यामुळे नव्या संशोधकाची ज्येष्ठाशी तुलना यावरून करणं चूक आहे. वेगवेगळ्या विषयांतही ती करू नये, कारण संदर्भ देण्याच्या सवयी विषयागणिक निराळ्या असतात.

इम्पॅक्ट फॅक्टर तर व्यक्तीचा नसतोच. आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना चालू वर्षात सरासरी किती सायटेशन मिळाली, हे सांगणारा तो जर्नलचा आकडा आहे. त्यावरून एखाद्या संशोधकाची किंवा एका पेपरची गुणवत्ता ठरवू नये, असं २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या बैठकीतून आलेला 'डोरा' जाहीरनामा सांगतो.

तुम्ही निवड समितीत असाल, तर उमेदवाराचे तीनच पेपर मागा, योगदानाची निवेदनं वाचा आणि मुलाखतीत त्याच कामाबद्दल खोलात विचारा. अर्जदार असाल, तर बायोडेटातल्या प्रत्येक महत्त्वाच्या पेपरखाली एक ओळ लिहा: "पाचपैकी तिसरी लेखक. संपूर्ण सांख्यिकी विश्लेषण आणि आलेख क्र. २ ते ४ माझे." आपल्या विषयात नावं वर्णक्रमाने लागत असतील तर तेही लिहा. ही ओळ छापील निवेदनाशी जुळायला हवी.

वाद झालाच तर

आधी पुरावा गोळा करा: ते एक पान, ईमेल, तारखांसह मसुद्यांच्या प्रती, प्रयोगाच्या वह्या. मग थेट बोला आणि बोलणं झालं की त्याचा गोषवारा ईमेलने पाठवा. "श्रेय दिलं नाही" असं मोघम म्हणू नका. कोणतं काम, पेपरच्या कोणत्या भागात आलं आहे, ते दाखवा. तेवढ्याने भागलं नाही तर प्रकल्पाबाहेरच्या, दोघांना मान्य असलेल्या ज्येष्ठ व्यक्तीला मध्ये घ्या. त्यानंतर संस्थेची संशोधन-नीती समिती.

जर्नलकडे थेट धाव घेऊन निवाडा मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. कुणी किती काम केलं हे तपासण्याची साधनं संपादकाकडे नसतात, म्हणून कोपच्या मार्गदर्शनानुसार असा वाद संस्थेनेच सोडवायचा असतो. संपादक प्रक्रिया थांबवू शकतो. सबमिट केल्यानंतर नाव वाढवायचं, काढायचं किंवा क्रम बदलायचा, तर कारण द्यावं लागतं आणि सर्व लेखकांची लेखी संमती लागते. ज्याचं नाव निघणार आहे, त्याचीही. पेपर छापून आल्यावर बदल मान्य झाला, तर तो शुद्धिपत्राने होतो आणि ते शुद्धिपत्र मूळ निबंधाला कायमचं जोडलेलं राहतं.

तुमचं नाव परस्पर एखाद्या पेपरवर घातलेलं आढळलं, तरीही गप्प बसू नका. सबमिट झाल्याची सूचना देणारा ईमेल अनेक जर्नलं सर्व लेखकांना पाठवतात. त्यात अनोळखी पेपर दिसला, तर त्याच दिवशी संपादकाला कळवा की या कामात माझा सहभाग नाही आणि मी संमती दिलेली नाही. नाव राहू दिलंत, तर चौथ्या अटीतली जबाबदारीही तुमच्याकडे येते.